साक्षगंधातली अंगठी आणि समईची ज्योत

«ताई, मी सत्तावीस वर्षांचा आहे. दारव्ह्याजवळच्या गावात आमचं कृषी केंद्र आहे. लॉकडाऊनमध्ये आम्ही चार मित्रांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे हिंदीत पाहिले, मग पुस्तकही वाचून काढलं. गोष्ट दुष्ट सॉरॉनच्या अंगठीची. ती आगीत धरली की तिच्यावर अक्षरं उमटतात, आणि ती नष्ट करायला फ्रोडो नावाचा बुटका ती सॉरॉनच्या मॉर्डोर मुलखातल्या ज्वालामुखीत टाकायला निघतो. तेव्हापासून आमचं बोलणंच तसं झालंय. टॉवरवरचा लाल दिवा म्हणजे सॉरॉनचा डोळा, आणि गावची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की मॉर्डोरचा अंधार. मागच्या महिन्यात बहिणीचं साक्षगंध होतं. मुलाकडचे आर्वीकडचे. अंगठी ताटात ठेवली होती. मागून मित्राने आवाज दिला, 'आगीत धरून पाय, अक्षरं निघतात का!' मी मिठाईच्या ताटातला चिमटा घेतला आणि अंगठी समईच्या ज्योतीवर धरली. दोनच सेकंद. ती काळी पडली. नवरदेवाचे मामा उभे राहिले आणि म्हणाले, 'आमचं सोनं तपासून राहिले का तुम्ही?' मामा सत्तरीचे, गावात भागवत सप्ताह तेच बसवतात. काकूने पदराने पुसली तर अंगठी पहिल्यासारखी लखलखली, पण मामा पंगतीतून न जेवता उठले. नंतर कळलं, मुलाच्या आईने स्वतःच्या गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी मोडून ती घडवली होती. रात्री मित्राने मामांच्या फोटोवर 'माय प्रेशियस' लिहून स्टेटस ठेवला, तो आर्वीपर्यंत पोचला. आता तिकडून फोन नाही. बहीण माझ्याशी बोलत नाही. अंगठी शुद्ध असल्याचा सोनाराचा कागद घेऊन मामांकडे जाऊ का? माफी मागायची तर कशाची, आमच्या मनात काहीच नव्हतं. बाबा म्हणतात हा पोट्टेपणा सोड. सोडू का?

ता. क. गरुडांनी अंगठी उडत नेऊन सरळ ज्वालामुखीत का टाकली नाही? तुमचं मत सांगा.»

भाऊ,

वयाने तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरे-तुरे करते. पत्र वाचताना मिठाईच्या चिमट्यापाशी मी मोठ्याने हसले. मग एकदाणीपाशी आले आणि चष्मा काढून ठेवला.

आधी त्या कागदाचं बोलू, कारण तू तो आणायला उद्याच निघशील अशी मला भीती आहे. जाऊ नको. आज मामा नुसतं म्हणतात की तुम्ही आमचं सोनं तपासलं. तू सोनाराचा कागद पुढे केलास की ते सही-शिक्क्यासह खरं होईल. 'तपासलं, आणि बरं निघालं' हे काय कुणाला सांगायचं बोलणं आहे?

शिवाय ती अंगठी कुठल्या सोन्याची, ते बघ. आज दुकानातून दागिना घेतला तर त्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं असतात. बावीस कॅरेटचं ९१६ आणि शेजारी सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो सहा अक्षरी क्रमांक नसलेला दागिना दुकानदाराला विकता येत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक टाकला की दागिना किती शुद्ध ते मोबाइलवर दिसतं. म्हणजे खऱ्या अंगठीच्या पोटातही अक्षरं असतातच. ती वाचायला भिंग लागतं, आग लागत नाही. पण एकदाणी या सगळ्याच्या आधीची. घरचं जुनं सोनं ओळखीच्या सोनाराने आटवून घडवलं, तर त्यावर बहुतेक एक अक्षरही नसेल. ते सोनं खरं आहे याला त्या घरात एकच पुरावा, त्या बाईचा शब्द. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलाय. अशा दिवसांत तिने गळ्यातलं उतरवून तुझ्या बहिणीच्या बोटासाठी दिलं. आणि तू चिमटा शोधलास.

अंगठी काळी का पडली, तेही सांगते, म्हणजे मनात शंका राहायला नको. ती काजळी होती. समईच्या ज्योतीवर गार धातू धरला की काजळी धरते, मग ते सोनं असो नाहीतर स्टीलची वाटी. आपल्या आज्या डोळ्यांत घालायचं काजळ तसंच तर धरायच्या. सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. समईवर दोन सेकंदांत त्याचं काही होत नाही. म्हणून तर काकूच्या पदराने ती पुसली गेली. पण मांडवात बसलेल्यांच्या डोक्यात ही माहिती नव्हती. त्यांच्या डोक्यात सोनाराची शेगडी होती. सोनं आगीत घालतात ते खरं-खोटं करायला आणि खोटं असेल ते काळं पडतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. तुझ्या डोळ्यांपुढे अंगठी आगीत टाकणारा जादूगार गॅन्डाल्फ होता, त्यांच्या डोळ्यांपुढे सोनार. वर ती खरंच काळी पडली! मामांच्या जागी मी असते तर मीही उठले असते. बुंदी वाढायला घेतली असती तरी.

तू विचारतोस, माफी कशाची. मनात काही नव्हतं हे मला पटलंय. पण मांडवात तुझं मन कुणाला दिसत नव्हतं, चिमटा दिसत होता.

आता तुझ्याच पुस्तकाकडे येते. तालुक्याच्या वाचनालयात मी तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. टॉल्किनचे ते तीन जाड भाग एका उन्हाळ्यात वाचले होते, कूलरपुढे बसून. तुला वाटतंय की तू गॅन्डाल्फसारखं केलंस. तर मग नीट आठव. अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोच्या वाढदिवसानंतर ती आगीत टाकून बघेपर्यंत गॅन्डाल्फने सतरा वर्षं घालवली. जुनी दप्तरं धुंडाळली, माग काढला. मग एका सकाळी फ्रोडोच्या घरात बसून त्याला सगळा इतिहास सांगायला घेतला, अंगठी त्याच्याकडून मागून घेतली, ती चुलीत टाकली, आणि अक्षरं बघायच्या आधी उठून खिडकीची दारं लावली, पडदे ओढले. बाहेर फ्रोडोचा माळी सॅम गवत कापत होता, त्यालासुद्धा दिसू नये अशी काळजी. अंगठी ज्याची, त्याला विचारलं. बघायला दुसरं कुणी नव्हतं. तू ना विचारलंस, ना पडदा ओढलास. सगळे सोयरे समोर बसलेले!

तू त्या दिवशी गॅन्डाल्फ नव्हतास, बिल्बो होतास. त्याचा एकशे अकरावा वाढदिवस आठव. मांडवात खास बोलावलेले एकशे चव्वेचाळीस पाहुणे, बहुतेक नातेवाईकच, जेवून सुस्तावलेत, हा भाषणाला उभा राहतो आणि शेवटी अंगठी बोटात घालून सगळ्यांच्या देखत गायब होतो. त्याला वाटलं, काय झकास गंमत केली. पाहुण्यांना ती अजिबात आवडली नाही. सगळ्यांचं एकच मत पडलं की हा आचरटपणा झाला, आणि त्यांची समजूत काढायला पुन्हा जेवण वाढावं लागलं. गॅन्डाल्फनेही घरी गाठून त्याला सुनावलं. पुस्तक १९५४-५५ सालचं आहे, म्हणजे त्या मामांच्याच वयाचं. समारंभात अंगठीवरून चेष्टा केली की सोयरे रुसतात, हे तेव्हापासून लिहून ठेवलेलं आहे. तू वाचलंस, पण तुला ते पान दुसऱ्याचं वाटलं.

इथवर जे झालं ते चुकून झालं. स्टेटसचं तसं नाही. मामांच्या फोटोवर 'माय प्रेशियस', म्हणजे अंगठीच्या हव्यासाने वेडा झालेल्या गोलमचं बोलणं, लिहिणं ही खोडी आहे, आणि मांडवातल्या प्रकारापेक्षा मला ती जास्त लागली. समईपाशी तुम्ही अंगठीला हसत होतात. रात्री तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाच्या रागाला हसलात. उपाशी गेलेल्या माणसाला! स्टेटस एका दिवसात पुसला जातो, पण आर्वीला कुणाच्या तरी फोनमध्ये त्याचा स्क्रीनशॉट असणारच, हे धरून चाल. मित्राने ठेवला, मी नाही, असं म्हणू नको. हाक त्याची होती, चिमटा तुझा होता, दोघांचं खातं एकच आहे. त्यालाही सोबत ने.

आणि पत्र पुन्हा वाचून बघ. मामांवर किती ओळी लिहिल्यास आणि बहिणीवर किती? एक ओळ, 'बहीण माझ्याशी बोलत नाही.' अंगठी तिच्या बोटात जायची होती. काळी झालेली अंगठी काकूच्या पदरातून तिच्या बोटात गेली. सासरी गेल्यावर पहिल्या सणाला कुणीतरी म्हणणारच, 'हिच्या भावानं नाही का समईवर धरली?' ते ऐकायला तू तिथे नसशील, ती असेल. तेव्हा आर्वीची बस धरायच्या आधी तिच्याशी बोल. समजावायला जाऊ नको. 'ताई, चुकलं' एवढंच म्हण आणि ती जे बोलेल ते ऐकून घे. ती मोठी की धाकटी हे तू लिहिलं नाहीस. धाकटी असली तरी त्या दिवसापुरतं ताईच म्हण.

मग आर्वी. कुणी जायचं? तू, तो मित्र आणि तुझी आई. बाबांना पहिल्या फेरीला नेऊ नको. दोन्हीकडचे बापे समोरासमोर आले की गोष्ट मानपानावर जाते. सोयरीक जुळवणाऱ्यालाही नको, तो दोन्हीकडे गोड बोलेल आणि मधलं खरं बोलणं राहून जाईल. आधी मामांकडे नाही, मुलाच्या आईकडे जायचं. एकदाणी तिची होती. मामा ओरडले म्हणून सगळ्यांना ते दिसले. ती गप्प बसली म्हणून तुझ्या पत्रातही ती एका वाक्यात उरकली. तुझ्या आईला तिच्याजवळ बसू दे. दोघी बायका त्या एकदाणीबद्दल बोलतील, कुणाची होती, कधी केली, किती मणी होते. तू मध्ये बोलू नको. विचारलंच तर सांग, 'काकू, माह्याकडून चुकी झाली. मले सोनं पाहायचं नव्हतं, मी येड्यासारखी गंमत केली.' पुढे 'पण' लावायचा नाही. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' हेही नको. वाईट वाटलेलं आहे, त्यात 'तर' कशाला?

त्यानंतर मामा. दुपट्टा-टोपी घेऊन जा, नारळ घे, पाया पड. ते बोलतील. बोलू दे. 'काहून आला?' म्हणाले तर 'त्या दिवशी तुम्ही उपाशी गेले, ते सांगाले आलो' म्हण. हे वाक्य विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसाला कळतं. सोन्याचा वाद असो नसो, पंगतीतून पाहुणा उपाशी जाणं हा दोन्ही घरांचा कमीपणा, आणि तो तू मान्य करतोयस.

मग, ते जरा निवले आणि चहा आला, तर गोष्ट सांग. आख्खी. तुम्हा चौघांना हसू येतं कारण तुमच्या पोटात बाराशे पानं आहेत. मांडवात तू फक्त शेवटची ओळ फेकलीस. मागचं ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी तिथे आपल्या माहितीतलं भरलं, दुसरं काय करतील?

पण सुरुवात फ्रोडोच्या शायर मुलखापासून करू नको, हॉबिट म्हणजे काय हे सांगतानाच चहा निवेल. शकुंतलेपासून कर. दारव्ह्याच्या माणसाला शकुंतला म्हटलं की यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी आठवते, मी त्या शकुंतलेचं म्हणत नाही. कालिदासाच्या नाटकातली. दुष्यंताने तिला स्वतःच्या नावाची अक्षरं कोरलेली अंगठी दिली. ती पाण्यात पडली, रोहू माशाने गिळली, कोळ्याने मासा कापला तर पोटात अंगठी. बिचारा विकायला गेला तर शिपायांनी त्यालाच चोर म्हणून धरलं. गरिबाच्या हातात सोनं दिसलं की आधी संशय. मामांना हे सांगावंही लागणार नाही, ते कदाचित तुलाच सांगतील. मारुतीने सीतेला दिलेली अंगठी तर त्यांच्या रोजच्या पाठातली, तिच्यावरही रामाचं नाव होतं. भागवत वाचणाऱ्याला स्यमंतक मणीही ठाऊक. रोज आठ भार सोनं देणारा आणि साक्षात कृष्णावर चोरीचा आळ आणणारा.

तिथून अलगद पुढे जा. 'मामाजी, इंग्रजांच्या गोष्टीतबी असाच मासा हाय.' डीगोल नावाचा गडी नदीवर गळ टाकून बसलेला, मोठा मासा लागला, त्याने याला पाण्यात ओढलं, आणि तळाशी चमकताना दिसली ती अंगठी. सोबत त्याचा मित्र स्मीगोल, त्याचा त्या दिवशी वाढदिवस. 'मला दे, माझा वाढदिवस आहे.' हा देईना. गळा दाबून मारला. तोच पुढे गोलम झाला. वाढदिवसाची भेट, वाढदिवसाची भेट असं घोकत शेकडो वर्षं डोंगराच्या पोटात अंधारात बसला. शेताच्या धुऱ्यासाठी भावाभावांनी एकमेकांच्या डोक्यात काठी घातलेली मामांनी पाहिलेली असणार. त्यांना ही गोष्ट समजावून द्यावी लागणार नाही. मग आगीत उमटणाऱ्या अक्षरांवर ये. तेव्हा मामांना कळेल की त्या दिवशी तुला काय दिसत होतं. हसतील का? माहीत नाही. नाही हसले तरी तू हसू नको.

गोलमवर एक शब्द तुझ्या त्या मित्रासाठी. मामांना गोलम म्हणताना तो शेवट विसरला. ज्वालामुखीच्या कड्यावर जाऊन फ्रोडोचीही नियत फिरली, त्याने अंगठी टाकली नाही, बोटात घातली. ती आगीत गेली ती गोलममुळे. त्याने बोटच चावून तोडलं आणि अंगठीसकट खाली पडला. बिल्बोने खूप आधी त्याला मारायची संधी असून सोडलं होतं, म्हणून हे घडलं. तेव्हा नावं ठेवायची तर पुस्तक तरी नीट वाचून ठेवावीत.

मामा अगदीच ऐकेनात, तर रुक्मीचं नाव काढ. आर्वीपासून कौंडण्यपूर जवळ आहे. रुक्मिणीचं माहेर. बहिणीच्या लग्नात खोडा घालणारा पहिला वैदर्भी भाऊ तोच, आणि कृष्णाने त्याला मारलं नाही, पण केस-मिशा भादरून सोडला. 'मामाजी, माही मिशी तुमच्या हातात हाय' म्हटलंस तर मला वाटतं तिथे काम होईल. पण हे तू आणि मामा एकमेकांना थोडे ओळखू लागल्यावर. आल्या आल्या नाही.

बाबांचं 'पोट्टेपणा सोड' अर्धं ऐक. मांडवातला सोड, हे बरोबर. पण चार पोरांनी मिळून एवढं मोठं पुस्तक वाचलं, टॉवरच्या दिव्याला डोळा म्हटलं, डीपी जळाल्यावर शिव्या न देता मॉर्डोर आठवलं, हे मला मुळीच सोडण्यासारखं वाटत नाही. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी तुमच्या दुकानाच्या बाकावर संध्याकाळी कुणी हसत असेल तर हसू दे. माझ्या वाचनालयात अशी चार पोरं असती तर मी त्यांना कुलूप लावायच्या वेळेनंतरही बसू दिलं असतं. फक्त त्या बाकावर पाचवा कुणी येऊन बसला तर त्याला गोष्ट सांगितल्याशिवाय हसायचं नाही, एवढं ठरवा.

आता तुझे गरुड. माझं मत असं की गरुड म्हणजे हात दाखवला की थांबणारी काळीपिवळी नव्हे. त्यांचा म्होरक्या ग्वायहिर आपल्या मर्जीने येतो. दुसरं, उघड्या आभाळातून गेलं तर तो डोळा काय करत बसला असता? फ्रोडो आणि सॅम पोचले ते पायी, बारके, कुणाच्या नजरेत न भरता. अंगठी हातात आल्यावर ती कुणी नष्ट करायला निघेल, हे सॉरॉनच्या डोक्यातच आलं नव्हतं. गरुडांचा थवा दिसला असता तर आलं असतं. तुमच्या बाकावर यावरून वाद होईल, होऊ दे. मामांपुढे मात्र हा विषय पहिल्या भेटीत काढू नको. ते भागवतवाले, गरुड कुणाचं वाहन आणि कुणाला पाठीवर घेतो यावरच रात्र काढतील, आणि आर्वीहून तुमची शेवटची बस चुकेल.